स्टंप की लाटणं?

गॅदरिंगचा हिशेब लागला आणि हॉबी क्लबच्या नावावर चक्क २२ हजार रुपये शिल्लक निघाले. पैसे उरण्याची सवय नसल्यामुळे समिती गोंधळली. थ्रीडी प्रिंटरवाले एकीकडे, लाकडाचा छोटा लेथ हवा म्हणणारे दुसरीकडे. हात वर करून मतदान झालं, लेथ जिंकला. पण खरी भांडणं त्यानंतर सुरू झाली. क्रिकेट टीमचं म्हणणं, एवढ्या पैशात मिळेल तेवढा लांबलचक लेथ घ्या, स्टंप आपणच कातू. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते गुरुवारच्या मीटिंगआधी इथे लिहून टाकतो, कारण मीटिंगमध्ये मला कोणी बोलू देत नाही!

आधी कबुली. सेकंड इयरला मी ड्रिल मशीनला जोडायचा लेथ घेतला होता. मेसचे दोन महिन्यांचे पैसे त्यात गेले, घरी अजून माहीत नाही. तिसऱ्या आठवड्यात चक डुगडुगायला लागला आणि चौथ्यात मोटरमधून धूर निघाला. कारण साधं आहे. ड्रिलचं बेअरिंग भोक पाडताना सरळ येणारा दाब घेण्यासाठी बसवलेलं असतं. लाकूड कातताना भार बाजूने येतो, आणि तोही ठोके मारत. याच विषयाचा पेपर मी त्याच सेमिस्टरला दिला होता आणि पासही झालो होतो. असो. स्वस्तात मस्त म्हणून ज्यांची नजर तिकडे वळली असेल त्यांनी ती परत फिरवावी.

वर्कशॉपमधला सेंटर लेथ का वापरू नये, असंही काही जण विचारतात. सर परवानगी देत नाहीत आणि या बाबतीत ते बरोबर आहेत. लाकडाचा भुसा स्लाइडवरचं तेल शोषतो, ओलावा धरतो आणि पावसाळ्यात बेडला गंज चढतो. पॅटर्न शॉपमधला जुना लाकडाचा लेथ थ्री फेजचा आहे आणि वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली झोपलाय. आपल्या खोलीत सिंगल फेज आहे. म्हणजे घ्यायला नवीनच लागणार.

आता मापं. 'लेथ कसा स्पेसिफाय करतात?' हा व्हायव्हाचा लाडका प्रश्न आहे, तो इथे पहिल्यांदाच खिशाला लागू होतोय. स्विंग म्हणजे बेडवर बसणारा जास्तीत जास्त व्यास. पण काही कॅटलॉगमध्ये सेंटरची उंची देतात, ती याच्या निम्मी. दोन मशिनांची तुलना करताना हे न बघता 'हे लहान आहे' म्हणू नका. माझ्या मते स्विंग १० इंच आणि दोन सेंटरमधलं अंतर १८ इंच पुष्कळ झालं. लाटणं, भोवरा, विटी, कॅरमच्या हरवलेल्या सोंगट्या, वाटी, खुर्चीचा बुटका पाय, सगळं यात बसतं. स्टंप बसत नाही, कारण तो २८ इंची असतो. पण वर्षातून सहा स्टंपांसाठी बेड लांबवायचा आणि त्याच पैशात तो पत्र्याचा घ्यायचा, हा कुठला हिशेब? बेल्स मात्र कितीही कातून देतो.

बेड बिडाचाच हवा. ओंडका कधीच बरोबर मध्यावर बसत नाही, आणि असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. हलकं मशीन मग टेबलावर नाचतं. या मापाचं चांगलं मशीन ३५-४० किलोचं भरतं, दोघांनी मिळून उचलावं लागतं. दुकानात एका हाताने उचललं गेलं तर तिथेच ठेवून या.

वेगाबद्दल सगळे जास्तीत जास्त आरपीएम विचारतात. विचारायचा असतो कमीत कमी! १० इंची ओंडक्याचा परीघ साधारण ८० सेंटिमीटर. ३००० आरपीएमला त्याची कड ताशी १४० किलोमीटरच्या वर पळते, म्हणजे फास्ट बोलरचा चेंडू. तो सुटला तर समोर बॅट नसते, तोंड असतं. सुरुवात ५०० किंवा त्याखालीच व्हायला हवी. नॉब फिरवून वेग बदलणारं मशीन दिसायला देखणं, पण स्वस्तातल्यात कमी वेगावर ताकद ढेपाळते, आणि कार्ड जळलं तर आपल्या गावात ते कोण देणार? पट्टा एका पुलीवरून दुसरीवर टाकायचा त्रास आहे, मात्र वेग उतरला की टॉर्क वाढतो. अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरला मी हाच त्रास पत्करीन.

स्पिंडलचे आटे विचारून घ्या. १ इंच आणि इंचाला ८ आटे, किंवा एम-३३, असे चालू मापाचे असतील तर पुढेमागे चक मिळतो. टेलस्टॉकला मोर्स टेपर दोन नंबर असावा. तूर्त चक नकोच, फेसप्लेटवर वर्ष निघेल.

कारण पैसे राखून ठेवायचेत ते पटाश्यांसाठी. सुतारी सेक्शनचे मामा सावंतवाडीकडचे. तिथल्या चितारआळीतली लाकडी फळं आपण शोकेसमध्ये बघतो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणानेच लाख वितळून कशी चढते, ते मामांनी आम्हाला हातवारे करून दाखवलं होतं. मी त्यांना मशिनांचे फोटो दाखवले. त्यांनी एकही नीट बघितला नाही. "धार नाय तर मशीन काय करतला?" एवढंच म्हणाले.

म्हणून माझा प्रस्ताव असा: १४ हजारांच्या आत मशीन, उरलेल्यात हाय स्पीड स्टीलच्या चार पटाश्या, एक साधा ग्राइंडर आणि पूर्ण तोंड झाकणारी ढाल. साध्या कार्बन स्टीलची पटाशी ग्राइंडरवर निळी पडली की तिचं पाणी उतरलं; आपण शिकाऊ, निळी पाडणारच. १४ हजारांत नवीन बिडाचं मशीन नाही मिळालं तर जुनं बघू, पण पटाश्यांचे पैसे तिकडे वळवायचे नाहीत. हातमोजे, ओढणी, लोंबणाऱ्या बाह्या मशीनजवळ नकोत, आणि चालू करण्याआधी ओंडका हाताने एकदा पूर्ण फिरवायचा. हे दारावर लिहायला मी तयार आहे.

क्रिकेटवाल्यांनी विरोधात मत द्यायचं ते द्यावं. मेसच्या मावशींचं लाटणं मधोमध झिजलंय, त्यांना मी पहिला नंबर कबूल करून बसलोय.