दादरचें टी. टी.

गेल्या महिन्यांत पुण्यामार्गें मुंबईस परतणाऱ्या मुलाला व नातीला पोंचवावयास आम्ही पाटस स्टेशनावर गेलों होतों. गाडीस अवकाश होता. "आबा, दादर टी. टी. मधलें टी. टी. म्हणजे काय हो?" नातीनें मध्येंच विचारलें. ज्या चौकांतून ती नित्य शाळेस जाते, त्याच्या नांवाचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता! टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, ट्रामचा शेवटचा थांबा. वाचकांच्या घरींहि हा प्रश्न निघण्याचा संभव आहे. म्हणून ती हकीकत येथें देतों.

पुण्याहून पाटसवरून दिक्सळपर्यंत आगगाडी १८५८ सालीं गेली. मुंबईच्या रस्त्यांत ट्रामचे रूळ पडावयास त्यानंतर सोळा वर्षें लागलीं. ९ मे १८७४ रोजीं कुलाबा ते पायधुणी व बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर ट्राम सुरू झाली. आरंभीं भाडें तीन आणे होतें, आणि तिकिटें नव्हतीं. डबे ओढावयास एक किंवा दोन घोडे जुंपीत. गुळगुळीत रुळावर चाकास अडथळा थोडा. त्यामुळें खडबडीत रस्त्यापेक्षां तेथें तेच घोडे पुष्कळ अधिक माणसें ओढीत. कंपनीच्या पागेंत शेंकडों घोडे होते.

७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम धांवली आणि घोड्यांची सुटका झाली. १९२० सालीं दुमजली ट्राम आली. १५ जुलै १९२६ रोजीं मात्र तिची प्रतिस्पर्धी मोटारबस रस्त्यावर उतरली. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं हा सर्व कारभार नगरपालिकेनें आपल्याकडे घेतला, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरला शेवटची ट्राम गेली.

ट्रामवरील आक्षेप खोटे नव्हते. तिला बाजूस वळतां येत नसे. एक बंद पडली कीं मागच्या सर्व खोळंबत. उतारूंना भर रस्त्यांत उतरावें लागे. परंतु आमचे एक चुलते गिरगांवांत बिऱ्हाड करून होते. ट्राम होती म्हणून तुटपुंज्या पगारांत दूरची नोकरी पत्करतां आली, असें ते वारंवार सांगत. रूळ उखडले तेव्हां अडथळ्याचा हिशेब झाला. अशा कारकुनांचा कितपत झाला, कोण जाणे! मोकळा झालेला रस्ता पुढें खासगी मोटारींनीं भरला, आणि २०१४ सालीं वर्सोवा-घाटकोपर मार्गावर शहरानें पुन्हा रुळांचाच आश्रय केला, तोहि खांबांवर चढवून, अपार खर्चानें.

हें सर्व आम्हीं नातीला मोठ्या आवेशानें सांगितलें. ती म्हणाली, "मग आबा, आपण नेहमीं मोटारनेंच कां जातों?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. गेल्या वर्षीं घरांत मोटार आली, तेव्हांपासून आमचे पाय स्टेशनाकडे वळले नव्हते; त्या दिवशीं मोटार दुरुस्तीस गेली होती, एवढेंच. ट्राम कोणीं घालविली हें मुंबईकरांस विचारण्यापूर्वीं, दाराशीं थांबणारी आगगाडी आपण किती वापरतों, हें पाटसकरांनींहि स्वतःस विचारावें. आम्हीं तरी या महिन्यापासून पुण्याची खेप आगगाडीनेंच करावयाची असें ठरविलें आहे.