दगड पक्का, तरी खाणीची कडा का कोसळते?

पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावचा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, आपला काळा पाषाण. टणकच! पण कडा कोसळते भेगांमुळे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा असेल, तर पाणी मुरल्यावर वरचा दगड घसरू शकतो. म्हणून तपासणीत आधी भेगांचा उतार बघतात. खड्ड्याकडे झुकलेल्या भेगा सर्वांत धोक्याच्या.

१९६१ च्या खाण नियमांनुसार कठीण दगडात पायरीची उंची ६ मीटरपेक्षा जास्त नको, काठापासून ३ मीटरपर्यंत सुटे दगडही नकोत. यावर देखरेख केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची. रॉयल्टी मात्र महसूल खात्याकडे, तिथे हिशोब ब्रासचा. म्हणजे पावती चोख असलेली खाणही धोकादायक असू शकते. पावसात किंवा सुरुंगानंतर काठावर नवी भेग दिसली, तर पोकलेन आणि माणसं आधी खालून हलवायची.