फोर बाय फोर पिकअप घेताना पुढचे हब तपासा

मालवाहू वाहनांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे हरसूलसारख्या डोंगराळ, जास्त पावसाच्या भागात फोर बाय फोर पिकअपचा विचार होणे साहजिक आहे. पण किंमत उतरली तरी देखभाल सुटत नाही. काही गाड्यांच्या पुढच्या चाकांना ऑटो लॉकिंग हब असतात. जुनी गाडी घेताना ते आधी तपासावेत.

काम कसे चालते?
टू-व्हीलमध्ये पुढची चाके ॲक्सलपासून सुटी फिरतात. फोर-व्हील टाकताच ॲक्सल फिरतो आणि हबमधील कॅम चाक त्याला जोडतो.

बिघाड का होतो?
ओढा ओलांडताना झिजलेल्या सीलमधून पाणी आत जाते, ग्रीस दुधाळ होते, भाग गंजतात. जाड ग्रीस ठासून भरल्यासही कॅम अडकतो. मग भाताची पोती भरलेली गाडी चिखलाच्या चढावर मागच्याच चाकांवर राहते.

काय करावे?
- महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये थोडे अंतर चालवावे. कोरड्या डांबरावर नको.
- काम झाल्यावर टू-व्हील टाकून गाडी सरळ दोन-तीन मीटर मागे घ्यावी. बहुतेक कॅमचे हब असेच सुटतात.
- पावसाळ्याआधी आणि नंतर हब उघडून साफ करावेत. ग्रीस कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच वापरावे.
- पुढून कटकट आवाज आल्यास गाडी तशीच रेटू नये.

हब वारंवार अडकत असल्यास हाताने फिरवायचे हब बसवता येतात. त्यांत सुटे भाग कमी असतात. मात्र चिखलात शिरण्याआधी उतरून दोन्ही बाजू लॉक कराव्या लागतात.