पाळणाघराचा खर्च कोणाच्या पगारातून?

नोकरदार मध्यमवर्गीय कुटुंबात अधिक पगाराच्या नेमणुकीचे पत्र आले म्हणजे एके काळी पेढे वाटले जात. आज पेढ्यांच्या आधी कागद-पेन्सिल पुढे ओढली जाते. पती-पत्नी दोघेही मिळवती असतील आणि घरात दोन-तीन वर्षांचे मूल असेल, तर वाढीव पगाराचा आनंद तासाभरातच ओसरू लागतो. पाळणाघर सायंकाळी किती वाजेपर्यंत उघडे राहते, मूल तापले तर रजा कोणी घ्यायची, गावाकडच्या आजीला किती दिवस अडकवून ठेवायचे, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. नोकरी पत्नीला मिळाली असेल तर हा हिशेब हमखास मांडला जातो. पतीला मिळाली असेल तर तो बहुधा मांडलाच जात नाही. या एका फरकातच प्रस्तुत प्रश्नाचे मर्म साठवले आहे.

यावर दोन ठाम उत्तरे नेहमी तयार असतात. पैसा केव्हाही मिळवता येईल, पण मुलाचे बालपण पुन्हा येत नाही, हे एक. मुले वाढतातच, पण हातची संधी पुन्हा येत नाही, हे दुसरे. दोन्ही विधानांत तथ्य आहे आणि त्यामुळेच त्यांच्या आधारे कोणताही निर्णय करता येत नाही. सुभाषिते बाजूला ठेवून हिशेबाची मांडणीच तपासून पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

वेळेची किंमत

कुटुंब म्हणजे बाजारातून वस्तू आणून त्यांचा उपभोग घेणारा घटक, एवढ्यावरच अर्थशास्त्राने दीर्घकाळ समाधान मानले होते. १९६५ साली गॅरी बेकर यांनी वेळेच्या वाटणीसंबंधीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहून ही कल्पना बदलली. बाजारातील वस्तू आणि घरातील माणसांचा वेळ यांच्या संयोगातून कुटुंबही काही निर्माण करीत असते. शिजलेले अन्न, निरोगी शरीर, वाढलेले मूल ही सारी त्याचीच निर्मिती होय, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजेच घरी घालवलेला तास फुकटचा नसतो. तो तास बाहेर विकून जे मिळाले असते, ती त्याची किंमत असते. उलट, बाहेर विकलेल्या तासामुळे घरात जे व्हायचे राहिले, ती त्या पगाराची किंमत असते. संधी-खर्च म्हणतात तो हाच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. डोंबिवलीत राहणारी एक लेखापाल घराजवळच्या कार्यालयात दरमहा ३८,००० रुपये मिळवते. तिला अंधेरी येथे ५८,००० रुपयांची नोकरी मिळू शकते. फरक २०,००० रुपयांचा. परंतु घाटकोपरला गाडी बदलून मेट्रो पकडायची आणि तशीच परत यायचे, म्हणजे प्रवास व कामाचा वाढीव वेळ धरून रोजचे तीन तास अधिक गेले. पाळणाघराचे वाढीव तास ६,००० रुपये, पास, मेट्रो व रिक्षा २,००० रुपये, स्वयंपाकाला बाई आणि बाहेरून आणावे लागणारे खाणे ४,००० रुपये, असा १२,००० रुपयांचा खर्च वाढला. हाती उरले ८,००० रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वाढीव तास झाले पंच्याहत्तर. याचा अर्थ, प्रत्येक वाढीव तासाला सुमारे १०७ रुपये मिळाले.

आता जुन्या नोकरीचा दर पाहू. आठ तास काम व एक तास येणेजाणे याप्रमाणे महिन्याचे २२५ तास होतात. सध्याच्या पाळणाघराचे व प्रवासाचे ५,००० रुपये वजा केले तरी तासाला सुमारे १४७ रुपये पडतात. पगार दीडपट झाला, पण जास्तीचा तास मात्र आधीच्या तासापेक्षा स्वस्तात विकला गेला. महिन्याच्या पगाराकडे पाहणाऱ्याला ही गोष्ट दिसत नाही. तासाच्या दराकडे पाहणाऱ्याला ती लगेच दिसते. म्हणून अधिक पगाराची नोकरी नाकारणाऱ्या स्त्रीला महत्त्वाकांक्षा नाही, असा शेरा मारण्यापूर्वी हा भागाकार करून पाहावा.

पाच वर्षे आणि पंचवीस वर्षे

तथापि हिशेब येथे थांबवणे ही दुसरी चूक होईल. पाळणाघराचा खर्च पाच-सहा वर्षांचा असतो. नोकरी पंचवीस-तीस वर्षांची असते. मूल शाळेत रुळले की त्या बारा हजारांतील मोठा भाग गळून पडतो. वीस हजारांचा फरक मात्र प्रत्येक वेतनवाढीबरोबर रुंदावत जातो आणि भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी यांतही उतरतो. मध्येच नोकरी सोडणाऱ्या स्त्रीचे नुकसान तर याहून मोठे असते. तिचा चार वर्षांचा पगार बुडतो, हे सर्वांना दिसते. पण परत येताना तिला पूर्वीच्या पायरीच्या खालून सुरुवात करावी लागते, सेवाज्येष्ठता जाते, आणि उरलेल्या सर्व वर्षांचा पगार त्या खालच्या पायरीवरून मोजला जातो. आंब्याची कलमे लावणारा बागायतदार पहिल्या पाच वर्षांच्या खर्चावरून बाग तोट्यात असल्याचा निष्कर्ष काढीत नाही. घरातला हिशेब मात्र नेमका तसाच मांडला जातो.

अर्थात मुलाच्या सहवासाचे तास रुपयांत मोजता येत नाहीत आणि ते साठवून पुढे वापरताही येत नाहीत. हे सारे जाणून एखादी माता, किंवा एखादा पिता, कमी पगाराची व अधिक मोकळ्या वेळेची नोकरी पत्करीत असेल, तर तो व्यवहार तोट्याचा ठरवण्याचा अधिकार कोणाला नाही. प्रश्न एवढाच की, ही निवड खरोखर निवड असते काय?

वजाबाकीतील गल्लत

तसे ती नसते, कारण वजाबाकी चुकीच्या रकमेतून होते. ‘तिचा निम्मा पगार पाळणाघरातच जातो, मग नोकरी करायची कशाला?’ हे वाक्य सुशिक्षित घरांतून सर्रास ऐकू येते. त्यात गृहीत धरलेले असते की, मूल सांभाळणे हे आईचे काम असून पाळणाघर हे त्या कामाला ठेवलेल्या बदलीचे वेतन आहे. तेव्हा ते आईच्याच पगारातून द्यायचे. घरभाडे, वीजबिल किंवा कर्जाचा हप्ता अमुक एकाच्याच पगारातून वजा करून त्याची नोकरी परवडत नाही, असे कोणी म्हणत नाही. मूल दोघांचे असेल तर त्याच्या संगोपनाचा खर्चही दोघांच्या एकत्र उत्पन्नातून गेला पाहिजे. एवढी एक दुरुस्ती केली तरी न परवडणाऱ्या कितीतरी नोकऱ्या परवडू लागतील.

जी गोष्ट पैशाची, तीच वेळेची. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की, घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर त्यात भाग घेणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पण ती पुरुषांनी उचलली नाहीत. त्यांचीही नऊ मिनिटे कमीच झाली. वर दिलेल्या उदाहरणातील पती सायंकाळी वेळेवर घरी आला, तर पाळणाघराचे वाढीव तास घ्यावेच लागणार नाहीत आणि सारे गणित पालटेल. परंतु त्याच्या कार्यालयात उशिरापर्यंत थांबणे हीच निष्ठेची खूण मानली जात असेल, तर त्याचीही अडचण खरी आहे. २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी याच वर्मावर बोट ठेवले. जी नोकरी माणसाचा अवेळी व अनिश्चित वेळ मागते, ती तासांच्या प्रमाणाबाहेर पगार देते. मग दोघांपैकी एकाने ती घ्यायची आणि दुसऱ्याने घरासाठी मोकळे राहायचे, अशी विभागणी होते. तो दुसरा माणूस बहुधा पत्नी असते.

कायदा आणि त्यातील उणीव

कायद्याने याबाबत काहीच केले नाही, असे नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेण्यात आली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, अशी तरतूदही तीत करण्यात आली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती कायम राहिली. परंतु कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेबाहेरील स्त्रीच्या या रजेचा पगार संबंधित मालकानेच द्यायचा असतो. उद्देश स्तुत्य, परिणाम मात्र असा की, तरुण विवाहित स्त्रीला कामावर घेणे मालकाला महाग वाटू लागते. शिवाय पन्नासच्या आतील आस्थापना देशात बहुसंख्य आहेत. लहान शाळा, दवाखाने, पतपेढ्या आणि दुकाने पाळणाघराच्या तरतुदीतून सुटतात. पित्याचे म्हणाल तर, केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतील पित्याला कायद्याने एक दिवसही मिळत नाही. जो कायदा रजा जवळजवळ पूर्णपणे आईलाच देतो, तो मूल आईचे, ही जुनी समजूत नकळत पक्की करतो.

मुंबई इलाख्याला हा वाद नवा नाही. देशातील पहिला मातृत्व लाभ कायदा १९२९ साली येथेच झाला. त्याआधी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात त्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अशी भूमिका मांडली होती की, या लाभाचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, कारण लोकांच्या हिताचे रक्षण हे प्रथम सरकारचे कर्तव्य आहे. मालकालाही स्त्रीच्या श्रमाचा फायदा मिळत असल्याने त्यानेही आपला वाटा द्यावा. ते स्वतः अर्थशास्त्रज्ञ होते. आजचे मूल उद्याचा कामगार, नागरिक व करदाता असते, म्हणून त्याच्या संगोपनाचा लाभ साऱ्या समाजाला होतो. ज्याचा लाभ सर्वांना, त्याचा खर्च एकट्या मालकावर किंवा एकट्या आईवर टाकणे अन्यायाचे, हा विचार त्यामागे होता. जवळजवळ शंभर वर्षांनंतरही आपण त्याच्या अलीकडेच अडखळत आहोत.

संगोपनाचा खर्च कोणीच उचलला नाही, तर तो नाहीसा होत नाही. तो सर्वांत दुबळ्या खांद्यावर जाऊन पडतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला केलेल्या कामात हे ओळखले होते. आदिवासी पाड्यांवरील मोठ्या मुली शाळेत येत नसत, कारण आई कामावर गेली की धाकटी भावंडे त्यांच्या कडेवर असत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ तेथे उभी राहिली. शहरातील मध्यमवर्गात तो खांदा आजीचा असतो, किंवा पाळणाघर चालवणाऱ्या आणि घरी येणाऱ्या बाईचा असतो. पाळणाघर आपल्याला परवडते याचे एक कारण हेही आहे की, तेथे राबणाऱ्या बाईला फार थोडे मिळते. तिच्या मुलाला कोण सांभाळते, हा प्रश्न तर आपल्या हिशेबात येतच नाही.

काय करता येईल

उपाय अवघड आहेत, पण अज्ञात नाहीत. लहान आस्थापनांनी एकत्र येऊन सामाईक पाळणाघर चालवण्याची मुभा २०२० च्या संहितेत आहे. औद्योगिक वसाहती, बाजारपेठा आणि रेल्वे स्थानकांच्या परिसरात नगरपालिकांनी जागा उपलब्ध करून दिली, तर ही मुभा कागदावर राहणार नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने गावोगावी अंगणवाडी नेली. पण अंगणवाडीची वेळ ही नोकरी करणाऱ्या आईची वेळ नव्हे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेची २०२२ मध्ये फेररचना करून केंद्र सरकारने अंगणवाडीला पूर्णवेळ पाळणाघराची जोड देण्याचे ठरवले, ती दिशा बरोबर आहे. मात्र त्यासाठी सेविकांना मानधनाऐवजी पुरेसे वेतन द्यावे लागेल. मातृत्व रजेचा भार एकेकट्या मालकावरून काढून सर्व मालक, कर्मचारी व सरकार यांच्या सामाईक विमा निधीवर टाकला, तर स्त्रीला नोकरी नाकारण्याचे एक कारण नाहीसे होईल. आणि पित्याला स्वतःची, दुसऱ्याच्या नावे न करता येणारी रजा दिली, तर मूल तापल्यावर कोणाच्या कार्यालयाला दूरध्वनी करायचा, हा प्रश्न आपोआप ठरलेला राहणार नाही.

हे होईपर्यंत प्रत्येक घराला आपला निर्णय आपणच घ्यावा लागणार आहे. तो घेताना पगार तासाच्या दराने मोजावा, खर्च दोघांच्या उत्पन्नातून वजा करावा, आणि पाच वर्षांबरोबर पंचवीस वर्षांचाही आकडा मांडावा. एवढे करूनही एखादे कुटुंब अधिक पगाराला नकार देईल, दुसरे त्याचा स्वीकार करील. दोन्ही निर्णय शहाणपणाचे असू शकतील. मात्र नेमणुकीचे पत्र पतीच्या नावे आले असले, तरी कागद-पेन्सिल घेऊन तितक्याच काळजीने बसले पाहिजे.