पंखे वाढवायचे की वाट मोकळी करायची?

उन्हाळा लागला की संगणक असेंबल करून देणाऱ्यांकडे एक मागणी हमखास येते : आणखी दोन पंखे लावून द्या. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतही हल्ली पुढे तीन, वर दोन, मागे एक अशी रंगीत दिव्यांच्या पंख्यांची आरास केलेली कॅबिनेट दर्शनी भागात असतात. याउलट, मागचा एक पंखा पुरे, बाकी सगळी शोभा, असे ठामपणे सांगणारे जुने मेकॅनिकही भेटतात. तथ्य दोघांच्या म्हणण्यात आहे, पण सारख्या प्रमाणात नाही.

आधी हिशेब पाहू. कॅबिनेटचा पंखा हवा गार करत नाही. आतली तापलेली हवा बाहेर काढून तिच्या जागी खोलीतली हवा आणायची, एवढेच त्याचे काम. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून 300 वॉट उष्णता बाहेर टाकत असतील आणि बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा 10 अंशच जास्त गरम असावी अशी अपेक्षा असेल, तर मिनिटाला सुमारे 53 घनफूट हवा आतून वाहायला हवी. 120 मिलिमीटरच्या चांगल्या पंख्याच्या खोक्यावर साधारण याच घरातला आकडा छापलेला असतो. हवा दुप्पट केली की 10 अंशांचे 5 होतात, तिप्पट केली की सव्वातीनच्या आसपास. प्रत्येक पंख्याने तेवढीच भर घातली असे धरले तरी सहाव्याच्या वाट्याला अंशाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. एक पंखा पुरे म्हणणाऱ्यांची बाजू इथे भक्कम आहे. ऑफिसच्या, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला तर त्याहून जास्त काही लागतच नाही.

मात्र खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, ही त्यातली गोम. समोर काचेचा अखंड पत्रा आणि कडेला बोटभर फट, अशा कॅबिनेटमध्ये तीन पंखे पुढे बसवले तरी ते हवा ओढणार कुठून? घरात पंखे कितीही लावा, समोरासमोर खिडक्या नसतील तर वारा खेळत नाही, तसेच हे. शिवाय आजची बहुतेक ग्राफिक्स कार्डे आपली गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडतात आणि वाट नसली की तीच पुन्हा ओढून घेतात. सरासरी हिशेबात हे दिसत नाही, कार्डाच्या तापमानात दिसते. म्हणून जाळीदार दर्शनी भाग, पुढून दोन पंख्यांनी आत, मागून एकाने बाहेर ही साधी रचना काचेमागच्या सहा पंख्यांपेक्षा उजवी ठरू शकते.

जास्त पंख्यांच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे, तो आवाजाचा. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज ढोबळमानाने 15 डेसिबलने उतरतो. दोन सारखे पंखे एकत्र चालल्याने वाढतात ते फक्त 3 डेसिबल. म्हणजे एकाला भरधाव पळवण्यापेक्षा दोघांना निवांत चालवणे कानाला कितीतरी सुखाचे. अट एकच, वेग ताब्यात हवा. चार पिनांचा पंखा मदरबोर्डला जोडला तर तापमान पाहून वेग कमीजास्त करता येतो. स्वस्त संचातले अनेक पंखे थेट पॉवर सप्लायवरून 12 व्होल्ट घेऊन रात्रंदिवस पूर्ण वेगाने घोंघावतात. ते घेऊन शांतता मिळत नाही, आणि धूळ मात्र दुप्पट आत येते.

धुळीचा विचार आपल्याकडे करावाच लागतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवली, तर फटीफटीतून धूळ शिरत नाही. जी येते ती पुढच्या जाळीवर अडते. ती जाळी महिन्याकाठी झटकायला हवी, नाहीतर तीच वाट अडवून बसते.

या क्षेत्राचा इतिहासही बोलका आहे. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स मांडणी आणली, तेव्हा पॉवर सप्लायच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी अशी कल्पना होती. पॉवर सप्लायची स्वतःची उष्णताच प्रोसेसरवर जाऊ लागल्यावर ती दिशा उलटवावी लागली. 2004 मध्ये त्याच कंपनीने हवेची वाट सरळ करणारी बीटीएक्स मांडणी आणली आणि 2006 मध्ये तिचा नाद सोडला, कारण तोवर कमी उष्णता टाकणारे प्रोसेसर आले होते. उष्णता काढण्यापेक्षा ती मुळात कमी करणे स्वस्त पडते, हे आजही खरे आहे. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा थोडी खाली आणली, तर गेममध्ये फारसा फरक न जाणवता जेवढी उष्णता कमी होते, तेवढी काढायला एरवी आणखी एखादा पंखा लागला असता.

आणि खोली? नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. खोलीतली हवा 38 अंशांची असेल, तर कितीही पंखे लावून आतले तापमान 38 च्या खाली येणार नाही. तिथे पंख्यांचे पैसे खोली गार करण्याकडे वळवावेत; फक्त कूलरचा ओला झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. तसाच आकड्यांचा धसकाही घेऊ नये. रायझन 7000 मालिकेतले बरेच प्रोसेसर 95 अंशांपर्यंत चालावेत असेच बनवले आहेत.

तेव्हा खरेदीआधी एक करून पाहा. नेहमीचा जड गेम किंवा व्हिडिओचे काम अर्धा तास चालवून तापमान लिहून ठेवा. मग कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून तेच पुन्हा करा. सात-आठ अंशांचा फरक पडला, तर तुमच्या कॅबिनेटचा श्वास कोंडतो आहे. जाळीदार कॅबिनेट किंवा पुढचे दोन पंखे घ्या. दोन-तीन अंशांचाच पडला, तर पैसे खिशात ठेवा.