रिकाम्या कंटेनरचा भुर्दंड

काशीदच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसलेल्या पर्यटकाला समुद्र दिसतो. त्या समुद्रावरून चालणारा व्यापार सहसा दिसत नाही. याच रायगड जिल्ह्याच्या उत्तरेस, न्हावा शेवा येथे, २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि यथावकाश ते देशाच्या कंटेनर वाहतुकीचे एक प्रमुख केंद्र बनले. या व्यापारात भरलेल्या कंटेनरची चर्चा होते; रिकाम्या कंटेनरची मात्र होत नाही. वास्तविक अनेक लहान कारखानदारांचा नफा त्या रिकाम्या कंटेनरनेच गिळलेला असतो.

रोहा किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदार परदेशातून कच्चा माल मागवतो, तेव्हा माल त्याचा असतो, कंटेनर शिपिंग कंपनीचा. माल उतरवून तो ठरावीक मुदतीत, कंपनी सांगेल त्या यार्डात परत करावा लागतो. मुदत उलटली की रोजचा आकार सुरू होतो आणि दिवस वाढतील तसा त्याचा दरही सामान्यतः चढत जातो. यालाच डिटेन्शन म्हणतात. त्याचे बिल बहुधा डॉलरच्या हिशेबाने होत असल्यामुळे रुपया घसरला की भुर्दंडही वाढतो.

हा आकार म्हणजे निव्वळ लूट, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कंटेनर हे भांडवल आहे. एकाच्या गोदामासमोर तो अडकून पडला, तर दुसऱ्या निर्यातदाराला तो मिळत नाही. म्हणून जहाज लागण्यापूर्वीच बिल ऑफ एन्ट्री दाखल करणे, ट्रेलर व हमाल आगाऊ ठरवणे, परतीचे यार्ड कोणते याची लेखी खातरी करून घेणे आणि कंटेनर जमा केल्याची पावती जपून ठेवणे, ही आयातदाराची कर्तव्ये आहेत. आळसाचे मूल्य आळशी माणसानेच मोजले पाहिजे.

परंतु दोष त्याचा नसेल तर? यार्ड भरले म्हणून रिकाम्या कंटेनरसह ट्रेलर दारातून परत फिरवला जातो, तेव्हाही दिवस मोजले जावेत काय? ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि पाण्यात पडलेल्या कंटेनरांमुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. २०२०च्या टाळेबंदीत तर साऱ्या देशाची चाके थांबली. त्या वेळी नौवहन महासंचालनालयाने २९ मार्च रोजी, २२ मार्च ते १४ एप्रिल या काळाचा डिटेन्शन आकार घेऊ नये, असे शिपिंग कंपन्यांना सुचवले. हेतू स्तुत्य होता. पण सल्ला म्हणजे कायदा नव्हे.

अमेरिकेने या प्रश्नाचा अधिक नेटाने विचार केला. तेथील फेडरल मेरिटाइम कमिशनने २०२० साली कसोटी घालून दिली की, अशा आकाराने मालाची ये-जा वेगवान होते काय, हे पाहावे. २०२२ साली त्यासंबंधी कायदा झाला, आणि २०२४ साली अमलात आलेल्या नियमानुसार आकार लागू झाल्याचा शेवटचा दिवस उलटल्यापासून ३० दिवसांत बिल पाठवणे बंधनकारक ठरले. बिलात आवश्यक तपशील नसेल, तर ते भरण्याची जबाबदारीच उरत नाही.

आपल्याकडेही असा नियम अशक्य नाही. यार्डाने कंटेनर नाकारला तर तशी तारीखवार पावती द्यावी. त्या दिवसापासून आकार थांबावा. बिल वेळेत व तपशिलासह यावे. आणि तंटा सोडवणारा अधिकारी बंदराजवळच असावा. कारण हा भुर्दंड कारखानदाराच्या खिशातच थांबत नाही. तो मालाच्या किमतीत मिसळतो आणि अखेर पगारदार ग्राहकाच्या पिशवीपर्यंत येऊन पोहोचतो. दंडाचे यश जमा झालेल्या रकमेत नसते, वेळेवर परत आलेल्या कंटेनरांत असते. जो परत करायला आला होता त्यालाच दंड करणारी व्यवस्था शिस्त लावत नाही. ती केवळ वसुली करते.