पायवाट कुणाची?

श्रावणात मुंबईहून भाची आली. फर्माईश एकच, “मावशी, ती चार जाड चाकांची बाईक चालवायचीय!” आमच्या घोटी-इगतपुरीकडे रिसॉर्टवाल्यांनी ही नवी करमणूक आणलीय. त्यात ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. मुंबई आणखीनच जवळ आली.

खरं सांगू, मीही बसले. पदर खोचला, हेल्मेट घातलं. पुढे गाईड, मागे आम्ही. मजा आली, खोटं कशाला बोलू! पण रिसॉर्टची हद्द संपली आणि गाड्या डोंगराकडच्या पायवाटेला लागल्या. समोरून दोघी जणी डोक्यावर गवताचे भारे घेऊन येत होत्या. आम्हाला वाट द्यायला त्या बिचाऱ्या चिखलात उतरल्या. एकीने भारा सावरत माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करवेना.

इथला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. चाकांनी गवत उपटलं की त्याच चाकोरीतून पाणी धावतं, माती खाली भातखाचरात. आवणी करून कंबर मोडलेली असते ती बाईची!

पर्यटक नकोत, असं नाही हं. कळसूबाईला येणाऱ्यांसाठी बारी गावात घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात, चार पैसे मिळतात. पण या गाड्या कुंपणाच्या आत, आखलेल्या ट्रॅकवरच फिरवाव्यात. पायवाट द्यायची की नाही, हे त्या-त्या गावच्या बायकांना विचारा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असा कायदाच आहे. तिथे बहुतेक ठिकाणी नुसत्या सह्या होतात, ते सोडा. या वेळी सहीआधी हा विषय काढा ना!

भाचीला म्हटलंय, पुढच्या खेपेला कळसूबाई. पायी.